शर्यतीच्या मोटारी आणि छायाचित्रकाराची जागा

कॉलेजात शिकत असताना मी एकदा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टाई येथील मोटारशर्यती पाहायला गेलो होतो. बरोबर मित्राचा कॅमेरा आणि छत्तीस चित्रांचा एक रोल होता. मोटारी सर्वांत जोरात धावतात तो सरळ रस्ता मी निवडला आणि तिथेही शक्य तितका पुढे जाऊन उभा राहिलो. जितके जवळ, तितके चित्र चांगले, असा माझा सरळ हिशेब! रोल धुऊन आला तेव्हा बहुतेक चित्रांत नुसते रंगीत पट्टे होते. काहींत तर मोकळा रस्ताच होता. कॅमेरा निर्दोष होता. चुकली होती ती माझी जागा. ती कशी चुकली, हे तुम्हाला शाळेतल्या गणितानेसुद्धा काढता येईल.

चित्र पुसट का होते?

छायाचित्र एका क्षणाचे असते असे आपण म्हणतो. पण तो ‘क्षण’ म्हणजे शून्य वेळ नव्हे. कॅमेऱ्याची झडप, म्हणजे शटर, थोडा वेळ उघडे राहते आणि तेवढ्या वेळात मोटार पुढे सरकतेच. समजा, मोटारीचा वेग ताशी १८० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५० मीटर आहे. शटर १/१००० सेकंद उघडे राहिले तर मोटार ५ सेंटिमीटर सरकेल; १/१२५ सेकंद राहिले तर ४० सेंटिमीटर! मोटारीवरचा आकडा मग वाचता कसा येणार?

“लांब उभे राहिले तर?” असे तुम्ही विचाराल. दुप्पट अंतरावर गेलात तर प्रतिमेचे सरकणे निम्मे होते हे खरे. पण मोटारीची प्रतिमाही निम्मी होते. ती पूर्वीएवढी करायला दुप्पट नाभीय अंतराचे भिंग लावले की पुसटपणाही पूर्वीएवढाच. म्हणजे कॅमेरा स्थिर धरला असेल तर सुटका दोनच गोष्टींत आहे: शटरचा वेळ कमी करणे, किंवा जिथे मोटारीचा आडवा वेग कमी असेल अशी जागा शोधणे.

वळण मदतीला येते

वळताना मोटारीला अभिकेंद्री बल लागते. मंद वळणावर ते जवळजवळ सर्व टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणातून मिळते. वळणाची त्रिज्या r आणि घर्षणांक μ असेल तर जास्तीत जास्त वेगाचा वर्ग μ × g × r एवढा असतो. शर्यतीच्या टायरसाठी घर्षणांक १.५ आणि त्रिज्या १५ मीटर धरली, तर वेग येतो सेकंदाला सुमारे १५ मीटर, म्हणजे ताशी ५४ किलोमीटर. मोनॅकोच्या शर्यतीतले प्रसिद्ध ‘हेअरपिन’ वळण जगातल्या उत्तमोत्तम चालकांनाही जवळपास एवढ्याच वेगाने घ्यावे लागते. चालक कितीही धीट असो, घर्षणापुढे त्याचे काही चालत नाही. इथे १/१००० सेकंदात मोटार जेमतेम दीड सेंटिमीटर सरकते.

दिल्लीजवळच्या ग्रेटर नोइडा येथील बुद्ध सर्किटची लांबी ५.१२५ किलोमीटर आहे. २०११ ते २०१३ या तीन वर्षांत तिथे फॉर्म्युला वनची शर्यत झाली. त्याचा नकाशा पाहा. तिसऱ्या वळणानंतर एक किलोमीटरहून लांब सरळ रस्ता लागतो आणि त्याच्या टोकाला चौथे, तीव्र वळण आहे. प्रेक्षक वेगासाठी सरळ रस्त्याकडे पाहतील. छायाचित्रकाराची नजर त्याच्या दोन टोकांकडे जाईल.

दुसरा उपाय दिशेचा आहे. मोटार जवळजवळ सरळ आपल्याकडे येत असेल, तर तिच्या वेगाचा अगदी थोडा भाग आडवा असतो. दृष्टिरेषेशी १० अंशांचा कोन असेल तर सेकंदाला ५० मीटरपैकी आडवा वेग ५० × sin १०° म्हणजे ९ मीटरहूनही कमी. अडचण एकच: मोटारीचे अंतर झपाट्याने बदलते. म्हणून रस्त्याकडेच्या रंगीत कठड्यावर भिंग आधीच जुळवून ठेवावे आणि मोटार तिथे पोचताच बटण दाबावे.

मोटारीबरोबर कॅमेरा फिरवताना

पण एक गंमत आहे. मोटार अगदी स्पष्ट टिपली तर चाकेही थांबलेली दिसतात आणि ती रस्त्यात उभी करून ठेवल्यासारखी वाटते! म्हणून जाणकार शटरचा वेळ १/१२५ सेकंदासारखा मोठा ठेवतात आणि मोटारीबरोबर कॅमेरा फिरवतात. मोटार स्पष्ट येते. चाके आणि मागची गर्दी पुसट होते. चित्रात वेग दिसतो तो यामुळे.

आता माझी चूक पाहा. मी रस्त्यापासून सुमारे ८ मीटरवर होतो. मोटार समोर असताना कोनीय वेग v/d, म्हणजे ५०/८ = ६.२५ रेडियन, जवळजवळ ३६० अंश दर सेकंदाला! त्याच्या एकच सेकंद आधी, मोटार ५० मीटर दूर असताना, तो फक्त ९ अंश होता. एका सेकंदात मान चाळीसपट वेगाने फिरवणे कोणाला जमेल? हेच अंतर ८० मीटर असते तर कोनीय वेग २६ अंशांवरून ३६ अंशांवर गेला असता. हे सरावाने सहज साधते. लांब उभे राहण्याचा खरा फायदा हा आहे.

याहूनही सुरेख जागा भूमितीत सापडते. वळणाच्या कमानीचा मध्यबिंदू! तिथून मोटारीचे अंतर कायम त्रिज्येएवढेच, त्यामुळे भिंग पुन्हा जुळवायला नको. आणि मोटारीचा वेग स्थिर असेल तर कोनीय वेगही स्थिर. प्रत्येक सर्किटवर तिथे उभे राहता येत नाही, पण वळणाच्या आतल्या बाजूचे उंच सज्जे त्याच्या बरेच जवळ जातात.

बाहेरची बाजू आणि न्यूटनचा नियम

समोरून येणारी मोटार सर्वांत छान दिसते ती वळणाच्या बाहेरच्या बाजूने. पण घर्षण अपुरे पडले की मोटार कुठे जाईल? न्यूटनचा पहिला नियम आठवा. ती स्पर्शिकेच्या दिशेने सरळ निघेल, म्हणजे नेमकी तुमच्याकडे. म्हणून तिथे खडीचे पट्टे, टायरांच्या भिंती आणि जाळ्या असतात. सरळ रस्ताही निर्धोक नसतो. ११ जून १९५५ रोजी फ्रान्समधील ल मां येथे मुख्य सरळ रस्त्यावर एक मोटार दुसरीवर आदळून प्रेक्षकांच्या बाजूला फेकली गेली आणि ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. तेव्हा चित्रासाठी कुंपण ओलांडण्याचा मोह कधीही धरू नका. भिंग जाळीच्या अगदी जवळ नेऊन छिद्र मोठे ठेवले की जाळी इतकी पुसट होते की चित्रात बहुधा दिसतच नाही.

सूर्य पाठीशी किंवा बाजूला असावा. फार लांबून, भर दुपारी मात्र चित्र घेऊ नका. तापलेल्या डांबरावरची हवा थरथरते, तिचा अपवर्तनांक जागोजागी बदलतो आणि उत्तम भिंगातूनही मोटार वितळल्यासारखी दिसते. सकाळची वेळ बरी.

तुम्ही करून पाहा

शाळेच्या मैदानावर फक्कीने १० मीटर त्रिज्येचे वर्तुळ आखा. मित्राला त्यावरून सारख्या वेगाने सायकल चालवायला सांगा. मध्यबिंदूवर उभे राहून, फोनचा कॅमेरा सायकलीबरोबर फिरवत पाच चित्रे घ्या. मग त्याला सरळ रेषेत जाऊ द्या आणि रेषेपासून २ मीटरवर उभे राहून आणखी पाच घ्या. सायकलीचा वेग सेकंदाला ५ मीटर धरून दोन्ही ठिकाणचा जास्तीत जास्त कोनीय वेग आधी वहीत काढा आणि नंतरच चित्रे पाहा. माझा एक रोल वाया गेला. तुमचा एकही जाणार नाही.