तंबू घेताय? आधी आत आडव्या होऊन बघा!

मैत्रिणींनो, कुही तालुक्यातल्या अंभोऱ्याला, वैनगंगेकाठी, लेकीबरोबर एक रात्र तंबूत काढायचा बेत आहे ना? मग दुकानात रंगावर भुलू नका. खडकाळ जागी खुंट्या ठोकता येत नाहीत. तिथं कमानीच्या काड्यांवर स्वतःच उभा राहणारा तंबू बरा. मात्र उभा राहतो म्हणजे वाऱ्यात टिकतो, असं नव्हे! दोऱ्या ताणून जड दगडांना बांधायच्याच. ‘दोघांचा’ म्हणजे अगदी खांद्याला खांदा लागतो. रुंदी १३० सेंटिमीटर तरी हवी. वजन दोन-अडीच किलो पुरे. आत जाळी, वर पाणी न झिरपणारं वेगळं कापड, असा दुपदरीच घ्या; एकपदरी तंबूत पहाटे श्वासाचंच पाणी अंगावर टपकतं. आणि स्टोव्ह आत मुळीच पेटवू नका, चहापुरतासुद्धा नाही. बंद तंबूत विषारी वायू साचतो, त्याला वासही नसतो.