पास कोणाचा आणि बास्केट कोणाची?

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात डेव्हिडसन नावाचे एक महाविद्यालय आहे. विद्यार्थिसंख्या दोन हजारांच्या आत. २००७-०८ च्या हंगामात या महाविद्यालयाच्या बास्केटबॉल संघाने राष्ट्रीय स्पर्धेत गोन्झागा, जॉर्जटाउन आणि विस्कॉन्सिन या तीन मातब्बर संघांना ओळीने हरवून शेवटच्या आठ संघांत जागा मिळवली. त्या संघात दोन गार्ड होते. दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या स्टीफन करीने सामन्यामागे सरासरी २५.९ गुण मिळवले आणि हंगामात १६२ तीन-गुणी बास्केट करून महाविद्यालयीन विक्रम केला. शेवटच्या वर्षात असलेल्या जेसन रिचर्ड्सने सामन्यामागे सरासरी ८.१ असिस्ट दिले. त्यात तो साऱ्या देशात पहिला आला.

या दोघांत वरचढ कोण, असे कोणी विचारले तर उत्तर सोपे वाटते. करी पुढे व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये तीन-गुणी बास्केटच्या संख्येत सर्वांच्या पुढे गेला. रिचर्ड्सचे नाव आज फारसे कोणाच्या ओठी नाही. पण आमचा प्रश्न वेगळा आहे. त्या एका हंगामाच्या आकड्यांपुरते बोलायचे तर करीच्या गुणांत रिचर्ड्सचा वाटा किती, आणि रिचर्ड्सच्या असिस्टमध्ये करीचा किती? हा वाटा आकड्यांतून वेगळा काढता येतो का? खेळाच्या नोंदी इतक्या काटेकोर असतात की येत असावा असे प्रथम वाटते. वाटते तितके ते सोपे नाही, आणि का नाही हे पाहण्याजोगे आहे.

आकडा काय मोजतो?

बास्केटबॉलमध्ये एका संघाचे पाच खेळाडू मैदानात असतात. त्यांतले सहसा दोघे गार्ड. ते उंचीने इतरांपेक्षा कमी, पण चेंडू हाताळण्यात तरबेज असतात. पॉइंट गार्ड चेंडू पुढे आणतो आणि कोणाला द्यायचा ते ठरवतो. शूटिंग गार्डचे मुख्य काम लांबून फेक करण्याचे. रिचर्ड्स पहिल्या प्रकारचा, करी दुसऱ्या.

फेकीची अचूकता मोजणे तसे सरळ आहे. यशस्वी फेकींना एकूण फेकींनी भागले की झाले. करीच्या त्या हंगामात ६५६ फेकी, त्यांपैकी ३१७ यशस्वी, म्हणजे ४८.३ टक्के. मात्र या ३१७ पैकी १६२ फेकी तीन-तीन गुणांच्या होत्या. दोन आणि तीन गुणांच्या फेकी एकाच मापाने मोजणे बरोबर नाही. म्हणून फेकीमागे किती गुण मिळाले ते पाहणे अधिक चांगले. हे उत्तर १.२१ येते. दर दोन फेकींना जवळजवळ अडीच गुण! लांबून फेकणाऱ्या खेळाडूसाठी हे असामान्य आहे.

असिस्टची गोष्ट निराळी. ज्या पासमुळे थेट बास्केट होते त्याला असिस्ट म्हणतात. ‘थेट’ म्हणजे किती थेट, हे नोंद ठेवणारा मैदानाच्या कडेला बसून ठरवतो; त्यात त्याच्या मताला वाव राहतो. परंतु त्याहून महत्त्वाची बाब अशी की फेक चुकली तर पास कितीही सुरेख असो, असिस्ट नाही. क्रिकेटच्या धावफलकाची सवय असलेल्यांना हे लगेच कळेल. गोलंदाजाने फलंदाजाला चकवले, झेल उडाला आणि सोपा झेल सुटला, तर गोलंदाजाच्या नावापुढे काहीच लागत नाही.

समजा, एका पॉइंट गार्डने सामन्यात १६ वेळा साथीदारांना मोकळे गाठून चेंडू दिला. साथीदार अशा फेकींपैकी निम्म्या साधत असतील तर त्याचे ८ असिस्ट होतील. तेच साथीदार ४० टक्के साधणारे असतील तर सहा-साडेसहा. पास तेच, हात तेच, आकडा वेगळा. व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये २०१३-१४ पासून सर्व मैदानांवर छताजवळ कॅमेरे बसवून चेंडूची हालचाल टिपली जाऊ लागली. तेव्हापासून फेक चुकली तरी तिच्या आधीचा पास मोजणे शक्य झाले. २००८ मध्ये महाविद्यालयीन सामन्यांना ही सोय नव्हती.

एक पास, दोन नोंदी

३० मार्च २००८ रोजी डेट्रॉइट येथे डेव्हिडसनचा सामना कॅन्सस विद्यापीठाशी झाला. शेवटच्या काही सेकंदांत कॅन्ससचे ५९ गुण होते, डेव्हिडसनचे ५७, आणि चेंडू करीच्या हातात. एक तीन-गुणी बास्केट झाली असती तर डेव्हिडसन जिंकले असते. करीवर दोन खेळाडू धावून आले. त्याला फेक करण्याजोगी जागा मिळेना, म्हणून त्याने चेंडू रिचर्ड्सकडे दिला. रिचर्ड्सने लांबून फेक केली, ती चुकली आणि सामना संपला. कॅन्ससने पुढे ती स्पर्धाही जिंकली.

या क्षणी दोघांची कामे अदलाबदल झाली होती, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. नोंदवहीत काय उरले? रिचर्ड्सच्या नावावर एक चुकलेली फेक, करीच्या नावावर काहीच नाही. चेंडू कड्यातून गेला असता तर रिचर्ड्सला तीन गुण आणि करीला एक असिस्ट मिळाला असता. करीने केलेली कृती मात्र दोन्ही वेळा अगदी तीच.

दुसरे वर्ष

पुढच्या वर्षी एक प्रयोग आपोआप घडून आला. रिचर्ड्स पदवी घेऊन बाहेर पडला. प्रशिक्षक बॉब मॅकिलॉप यांनी पॉइंट गार्डचे काम करीकडे सोपवले. आता पास देणाराही तोच आणि फेकणाराही तोच. दोन हंगामांचे आकडे शेजारी ठेवू.

कोष्टक : स्टीफन करी (आधी २००७-०८, मग २००८-०९)
सामने : ३६, ३४
सामन्यामागे गुण : २५.९, २८.६
तीन-गुणी फेकी : ३६९ पैकी १६२ (४३.९ टक्के), ३३६ पैकी १३० (३८.७ टक्के)
दोन-गुणी फेकी : २८७ पैकी १५५ (५४.० टक्के), ३५१ पैकी १८२ (५१.९ टक्के)
फेकीमागे गुण, फ्री थ्रो वगळून : १.२१, १.१०
फ्री थ्रोचे प्रयत्न : १५१, २५१
असिस्ट : १०४, १८९
चेंडू गमावला : ९४, १२७

गुणांची सरासरी वाढली. २८.६ ही त्या वर्षी देशातली सर्वांत मोठी सरासरी होती. पण तीन-गुणी फेकींची अचूकता ५.२ टक्क्यांनी उतरली. चटकन सुचणारा निष्कर्ष असा, की पास देणारा गेला म्हणून फेक बिघडली. म्हणजे ते ५.२ टक्के रिचर्ड्सचे होते.

यामागे कारणही पटण्याजोगे आहे. चेंडू माणसापेक्षा वेगाने जातो. समजा, पास सेकंदाला १० मीटर वेगाने गेला आणि बचाव करणारा सेकंदाला ५ मीटर वेगाने धावला. ६ मीटरच्या पासला ०.६ सेकंद लागतो. तेवढ्या वेळात बचाव करणारा ३ मीटरच सरकतो. पास घेणारा पाय रोवून, हात तयार ठेवून उभा असेल तर त्याला निवांत फेक मिळते. स्वतःच चेंडू आपटत आलेल्या खेळाडूसमोर बचाव करणारा आधीपासूनच उभा असतो.

कारण पटले म्हणजे निष्कर्ष सिद्ध झाला असे नाही. आधी योगायोगाचा हिशेब करू. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना हा करता येईल. यशाचे प्रमाण प आणि फेकींची संख्या न असेल, तर केवळ योगायोगाने होणाऱ्या चढउताराचे प्रमाण विचलन म्हणजे प × (१ − प) ÷ न याचे वर्गमूळ. पहिल्या हंगामासाठी ते २.६ टक्के येते, दुसऱ्यासाठी २.७ टक्के. दोहोंच्या फरकाचे विचलन काढण्यासाठी यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्यायचे. ते ३.७ टक्के. आपल्याला दिसलेला फरक ५.२, म्हणजे विचलनाच्या १.४ पट. मुळात काहीही बदल झाला नसता, तरी या बाजूला किंवा त्या बाजूला एवढा किंवा याहून मोठा फरक साधारण सहातून एकदा दिसला असता. फासा टाकावा आणि नेमके सहा पडावे, इतकीच ही गोष्ट दुर्मीळ. शास्त्रीय नियतकालिकात एवढ्या पुराव्यावर कोणी दावा केला तर परीक्षक तो परत पाठवतील.

दुसरी अडचण अधिक गमतीची आहे. त्याच उन्हाळ्यात मैदानावरची रेषा सरकली! २००८-०९ च्या हंगामापासून अमेरिकेतील पुरुषांच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये तीन गुणांची रेषा १९ फूट ९ इंचांवरून २० फूट ९ इंचांवर, म्हणजे ६.०२ मीटरवरून ६.३२ मीटरवर नेण्यात आली. कड्याचा व्यास ४५.७ सेंटिमीटर आणि चेंडूचा सुमारे २४. चेंडू कड्याला न शिवता जायचा तर डावीउजवीकडे जेमतेम ११ सेंटिमीटरची सूट मिळते. ६ मीटरवरून पाहिले तर हा कोन सुमारे एक अंशाचा. रेषा मागे गेल्यावर ही सूट आणखी पाच टक्क्यांनी घटते. करीची अचूकता कमी होण्यात या ३० सेंटिमीटरांचा हात किती?

याचा अंदाज घेण्याचा एक मार्ग म्हणजे इतरांकडे पाहणे. रेषा सर्वांसाठीच सरकली होती. त्या वर्षी देशभरातील संघांची तीन-गुणी अचूकता सुमारे एका टक्क्याने घसरली. म्हणजे ५.२ पैकी एक टक्का रेषेच्या नावावर टाकायला हरकत नसावी. उरलेल्या चार टक्क्यांत रिचर्ड्सची अनुपस्थिती आहे आणि योगायोग आहे. शिवाय मार्चमधल्या त्या विजयांनंतर करीचे नाव सर्वतोमुखी झाले होते आणि प्रत्येक प्रतिस्पर्धी त्याच्यासाठी खास तयारी करून येत होता. तो एक वर्षाने मोठाही झाला होता, त्यामुळे त्याचा खेळ सुधारलाही असेल आणि ती सुधारणा या घसरणीखाली झाकली गेली असेल. एकाच खेळाडूच्या दोन वर्षांवरून ही कारणे एकमेकांपासून सोडवता येत नाहीत.

फ्री थ्रोचा आकडा पाहा. प्रयत्न १५१ वरून २५१ वर गेले. चेंडू स्वतःकडे असल्यामुळे करी कड्याकडे घुसू लागला, त्याला अडवताना प्रतिस्पर्धी फाउल करू लागले आणि त्याला फ्री थ्रो मिळू लागले. फेकीच्या अचूकतेत जे गेले त्यातले काही या वाटेने परत आले. केवळ टक्केवारी पाहणाऱ्याला हे दिसत नाही.

तोच माणूस, वेगळा शेरा

पास देण्याच्या कौशल्याचे एक प्रचलित माप आहे. असिस्टच्या संख्येला चेंडू गमावण्याच्या संख्येने भागायचे. पहिल्या हंगामात करीचे हे गुणोत्तर १.११ होते, दुसऱ्यात १.४९. पहिल्या वर्षीचा आकडा वाचणारा म्हणेल, याला फेकता येते, पास देता येत नाही. कौशल्य एका उन्हाळ्यात इतके बदलले का? थोडे बदललेही असेल. पण काम बदलले हे तर निश्चित आहे. पहिल्या वर्षी साथीदाराला मोकळे गाठण्याचे काम रिचर्ड्सचे होते, करीचे काम स्वतः मोकळे होण्याचे. जे काम सोपवलेच नव्हते त्यात तो कच्चा ठरत होता. प्रगतिपुस्तकावर शेरे लिहिणाऱ्या आम्हा मंडळींना हे उदाहरण जरा टोचेल.

याच्या अगदी उलट टोकाचा प्रसंग २५ नोव्हेंबर २००८ चा. मेरीलँडच्या लॉयोला महाविद्यालयाच्या प्रशिक्षकांनी करीवर सामनाभर दोन खेळाडू चिकटवून ठेवले. करी मैदानाच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहू लागला. दोघे त्याच्यापाशी अडकले की उरलेल्या तीन बचावपटूंना डेव्हिडसनच्या चौघांशी सामना द्यावा लागे. करीने सबंध सामन्यात तीन फेकी केल्या आणि शून्य गुण मिळवले. डेव्हिडसनने सामना ७८-४८ असा जिंकला. कोपऱ्यात उभे राहून त्याने साथीदारांना जी मोकळीक मिळवून दिली, तिच्यासाठी नोंदवहीत रकाना नाही.

शाळेच्या मैदानावर

नैसर्गिकपणे घडलेल्या प्रयोगात जे साधत नाही ते मुद्दाम केलेल्या प्रयोगात साधता येते. मैदानावर कड्यापासून चार मीटरवर खुणेची रेघ ओढावी. प्रत्येक फेकीआधी नाणे उडवावे. छापा पडला तर विद्यार्थ्याने रेघेवर उभे राहून साथीदाराचा पास घेऊन फेकावे. काटा पडला तर स्वतः चेंडू दोनदा आपटत रेघेपर्यंत येऊन फेकावे. नाणे आवश्यक आहे, कारण आधी सगळ्या पासच्या फेकी आणि मग सगळ्या स्वतःच्या असे केले, तर दुसऱ्या प्रकारात थकव्याचा परिणाम मिसळेल. नाणे न उडवता ‘आता हे, आता ते’ असे मुलांवर सोपवले, तर हात चांगला चालत असताना मुले आवडता प्रकारच निवडतील.

फेकी किती हव्यात? प्रत्येक प्रकारच्या शंभर फेकी केल्या, तर फरकाचे प्रमाण विचलन सुमारे ७ टक्के येते, त्यामुळे ५ टक्क्यांचा फरक त्यात हरवून जाईल. ४० जणांच्या वर्गाने मिळून प्रत्येक प्रकारच्या सुमारे ८०० फेकी केल्या, म्हणजे एकेकाच्या वाट्याला ४० फेकी आल्या, की विचलन २.५ टक्क्यांवर उतरते आणि ५ टक्क्यांचा फरक त्याच्या दुप्पट ठरतो. खेळाच्या चार तासिकांत हे सहज होईल. पास देणारे दोघे ठेवून, कोणी द्यायचा हेही नाण्यावर सोडले, तर त्या दोघांची तुलना करता येते. वहीत फेकणाऱ्याच्या शेजारी पास देणाऱ्याचे नाव लिहायला एक रकाना आखावा, आणि फेक चुकली तरी तो भरावा.