बैलाच्या तोंडात हात घालण्यापूर्वी



ऊस विकास विभागाने उसाविषयी लिहावे, पिसाळलेल्या जनावरांची उठाठेव कशाला, असे काहींना वाटेल. पण मागील हंगामात रायगड किनारपट्टीवरील एका खाडीकाठच्या गावी लागणीची नोंद घेण्यास गेलो असता जे पाहिले, ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

एका सभासदाचा बैल वैरण-पाणी सोडून उभा होता. तोंडातून लाळेच्या तारा, आवाज घोगरा. "घशात उसाचं कांडं अडकलंय," म्हणून तिघा भावांनी आळीपाळीने घशात हात घालून पाहिले होते. हातांवर उसाच्या पानांनी कापल्याच्या जखमा होत्याच. काही चावले होते का, असे आम्ही विचारले तेव्हा आठवले : महिन्यापूर्वी भरदिवसा कांदळवनाकडून उसात शिरलेला कोल्हा बैलाच्या नाकाडाला डसला होता. पशुवैद्यकीय डॉक्टरांनी रेबीजचा संशय सांगितला. दोन दिवसांनी बैल गेला. तरी भावांचे एकच, "चावलं बैलाला, सुई आम्हाला कशाला?"

खरी गोम इथेच आहे. विष लाळेत असते. ती ताज्या जखमेवर, ओरखड्यावर, डोळ्यात गेली तरी पुरे. तेथून विषाणू नसांच्या वाटेने मेंदूकडे सरकतात. त्याला आठवडे, कधी महिने लागतात. उपाय करायला मिळतो तो एवढाच वेळ. पाणी पाहून घसा आवळू लागला की डॉक्टरांच्याही हाती काही राहत नाही.

जुन्या मंडळींच्या मनात पोटातल्या चौदा सुयांची धास्ती अजून आहे. मेंढीच्या मेंदूपासून बनणारी ती लस आपल्या देशात बंद होऊन वीस वर्षे झाली. आता सुई दंडावर. सरकारी दवाखान्यात कातडीत टोचतात ती पहिल्या दिवशी, मग त्यापासून ३, ७ आणि २८ दिवसांनी. चावा खोल असेल, रक्त आले असेल, तर जखमेत सिरमही भरावे लागते. ते प्रत्येक आरोग्य केंद्रात असतेच असे नाही, तेव्हा कोठे मिळेल ते तिथेच विचारून त्याच दिवशी पुढे जावे. तोडीची पाळी आली म्हणून तिसरी सुई चुकविणारे आम्ही पाहिले आहेत. तोड चार दिवस पुढे-मागे करता येते, आम्हाला सांगा.

दवाखान्याआधी साबण लावून वाहत्या पाण्याखाली जखम पंधरा मिनिटे धुवावी, घड्याळ पाहून. चुना, मिरचीपूड, तंबाखू काही भरू नये. कुत्रा दहा दिवस नजरेखाली ठेवावा, पण तोवर सुई थांबवू नये. कोल्ह्याला तर हा हिशेब लागूच नाही.

गोव्यात कुत्र्यांना लस टोचण्याचे काम गावोगाव नेटाने झाले. २०२१ मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित जाहीर झाले, तेव्हा मागील तीन वर्षांत तेथे माणूस दगावला नव्हता. शंभरातील सत्तर कुत्री टोचली तरी साथ तुटते. आपल्याकडे तोडणी टोळ्यांच्या कोप्यांवरची कुत्री नेमकी सुटतात, आणि पोरे खेळतात ती त्यांच्याशीच. ओरखडा आला तर मार बसेल म्हणून सांगतही नाहीत.

ते तिघे भाऊ अखेर आमच्याच जीपमधून दवाखान्यात आले. चारही सुया पुऱ्या केल्या, आज धडधाकट आहेत. आपल्या वस्तीवरील व कोप्यांवरील कुत्र्यांची संख्या गट ऑफिसात चिटबॉयकडे लिहून द्यावी.