‘ब्रिज’ : अर्थ एक, निर्देश दोन

मागील घटकात आपण पारिभाषिक संज्ञेचे एक लक्षण पाहिले : ती एकार्थी असावी. परंतु संज्ञा एकार्थी असूनही तिचा निर्देश संदिग्ध राहिला, तर काय घडते? हे घरगुती ब्रॉडबँडच्या उदाहरणाने पाहू.

वैराग येथील एखाद्या घरात टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून डीएसएल जोडणी आली आहे आणि ती दोन-तीन संगणकांना पुरवायची आहे, असे समजा. या तारेवर बोलण्याचा आवाज सुमारे ४ किलोहर्ट्‌झच्या आत राहतो. माहिती त्याहून वरच्या कंप्रतांवरून जाते. मोडेम त्या संकेतांचे रूपांतर करतो आणि इथरनेटच्या केबलमधून माहितीच्या ‘फ्रेम’ संगणकाकडे पाठवतो.

येथे बार्शी तालुक्यातील जुन्या लोकांना आठवणारी एक गोष्ट उपयोगी पडेल. १८९७ साली सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेच्या रुळांमधील अंतर अडीच फूट, तर मुंबई-सोलापूर मुख्य मार्गाचे साडेपाच फूट. त्यामुळे कुर्डुवाडीला माल एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरावा लागे. राउटर हेच करतो : फ्रेमचा डबा उघडतो, आतील पोत्यावरचा आयपी पत्ता वाचतो, घरातून बाहेर जाणाऱ्या पोत्यावर पाठवणाऱ्याचा पत्ताही बदलतो आणि ते नव्या डब्यात भरतो. ब्रिज मात्र डबा न उघडता पुढे जाऊ देतो. ‘ब्रिज’ या संज्ञेचा अर्थ एवढाच.

आता निर्देश पाहा. मोडेम ‘ब्रिज मोड’मध्ये ठेवला, की तो टेलिफोनची तार आणि इथरनेटची केबल जोडतो. सेवादात्याकडे नाव व पासवर्ड सांगून जोडणी सुरू करण्याचे काम (त्या पद्धतीला पीपीपीओई म्हणतात) मग मागच्या संगणकाला करावे लागते. या पद्धतीचे शीर्षक प्रत्येक फ्रेममधील ८ बाइट व्यापते. म्हणून १५०० ऐवजी १४९२ बाइटची मर्यादा ठेवावी. ती न ठेवल्यास काही संकेतस्थळे उघडतात, काही अर्धवट अडकून राहतात, आणि दोष भलत्याच गोष्टीला दिला जातो.

संगणकाच्या आतील ‘ब्रिज’ वेगळ्या गोष्टी जोडतो. घराच्या बाजूची दोन-तीन इथरनेट पोर्ट एकत्र करून तो त्यांचे एकच जाळे बनवतो. कोणते यंत्र कोणत्या पोर्टवर आहे, हे तो यंत्रांच्या ४८ बिटांच्या हार्डवेअर पत्त्यांवरून शिकतो. आयपी पत्ता या ब्रिजला द्यायचा असतो, त्यातील सुट्या पोर्टना नव्हे. नवशिक्याची पहिली चूक बहुधा येथेच होते.

दुसरी चूक अधिक महागात पडते. ‘ब्रिज करा’ एवढीच सूचना वाचून मोडेमकडचे पोर्टही घरच्या पोर्टांबरोबर त्याच ब्रिजमध्ये घातले, तर घर आणि बाहेरची वाट यांच्यामध्ये डबा उघडून पाहणारा कोणीच उरत नाही. मोडेमकडचे पोर्ट ब्रिजबाहेर ठेवावे, त्यावर पीपीपीओई चालवावे, आणि संगणकाने त्या जोडणीच्या व घरच्या ब्रिजच्या मध्ये राउटर व फायरवॉल म्हणून उभे राहावे. मोडेममधील फायरवॉल आता आपले रक्षण करत नाही, हेही ध्यानात असू द्या. बदल करण्यापूर्वी नाव, पासवर्ड आणि मोडेमची जुनी मांडणी कागदावर उतरवून घ्या. जोडणी तुटल्यावर ती इंटरनेटवर शोधता येत नाही.

‘ब्रिज’ऐवजी ‘सेतू’ लिहिले असते तर हा घोटाळा टळला असता का? माझ्या मते नाही. उणीव शब्दाच्या कुळात नसून वाक्यात आहे : क्रियापदाला कर्म दिलेले नाही. ‘घराच्या बाजूची पोर्ट ब्रिज करा’ असे लिहिले असते, तर इंग्रजी शब्दानेही काम भागले असते.

स्वाध्याय : आपल्या घरातील एखाद्या यंत्राची माहितीपुस्तिका घ्या. तिच्यातील कर्म गाळलेली तीन आज्ञार्थी वाक्ये निवडून ती पूर्ण करून लिहा.