बांडगुळं नव्हेत ती!

पहिला वळीव झाला की शहरांत दोन बातम्या ठरलेल्या. झाड कोसळून गाडी चेपली, ही एक. आणि पालिकेची पावसाळ्यापूर्वीची छाटणी अजून उरकलेली नाही, ही दुसरी. यंदाही दोन्ही येऊन गेल्या. साहजिकच सोसायट्यांचे सेक्रेटरी घाईला आले आहेत आणि कोयते-करवतवाल्यांना भाव आला आहे. कुठली फांदी तोडायची आणि कुठली ठेवायची, या वादात मला पडायचं नाही. छाटणीबरोबर आणखी एक काम होतं, ज्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, त्याबद्दल बोलायचं आहे. ते म्हणजे झाड ‘साफ’ करणं. खोडावर, बेचक्यात जे काही परकं हिरवं दिसेल ते खरवडून खाली पाडायचं. का, म्हणून विचारलं तर उत्तर तयार असतं: “बांडगूळ आहे साहेब, झाड खातंय.”

बऱ्याचदा ते बांडगूळ नसतंच.

खरं बांडगूळ ओळखायला सोपं. ते जिथे फांदीला धरलेलं असतं तिथे गाठ येते, कारण त्याचं मूळ साल फोडून आत शिरलेलं असतं आणि झाडाचं पाणी ओढत असतं. पानं जाड, चिवट. फुलं नळीसारखी, केशरी-लालसर. फुलटोच्या नावाचा चिमणीहून लहान पक्षी त्याची फळं खातो आणि चिकट बी पुढच्या फांदीला पुसून मोकळा होतो. आंब्याच्या बागेत हे माजलं तर काढलंच पाहिजे, तिथे दयामाया नको.

पण त्याच आंब्यावर हातभर अंतरावर एखादं ऑर्किड, म्हणजे आपली आमरी बसलेली असते. तिची करंगळीएवढी जाड, पांढुरकी मुळं सालीवरून सरपटत गेलेली दिसतात. नखाने एखादं मूळ उचकटून पाहा. खालची साल जशीच्या तशी, ना भोक ना ओल. झाडाने तिला दिलेली असते ती फक्त बसायला जागा आणि थोडा उजेड. अशा बिऱ्हाडकरूंना वनस्पतिशास्त्रात अपिवनस्पती म्हणतात. जगात त्यांच्या 28 ते 30 हजार जाती आहेत आणि त्यांतल्या निम्म्याहून कितीतरी जास्त ऑर्किडच. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने 2019 मध्ये देशातल्या ऑर्किडांची यादी काढली. त्यातल्या 1256 जातींपैकी 757 झाडांवर राहणाऱ्या निघाल्या. आसामात बिहू नाचणाऱ्या मुली केसांत माळतात ते कोपौ फूल, म्हणजेच आपल्याकडची सीतेची वेणी, ही त्यांतलीच एक.

माती नाही, मग ही खातात काय? ‘हवा’ हे उत्तर नर्सरीवाल्यांचं. हल्ली काचेच्या गोळ्यात ठेवून विकतात ती एअर प्लांटं, म्हणजे टिलँडसिया, मूळची अमेरिका खंडांतली. या नावामागे एक गमतीदार गोष्ट आहे. एलियास टिलँड्झ नावाचा सतराव्या शतकातला वनस्पतिशास्त्रज्ञ जहाजात बोट लागून इतका हैराण झाला, की परतताना समुद्र ओलांडण्याऐवजी आख्ख्या बॉथ्नियाच्या आखाताला वळसा घालून घरी गेला, अशी कथा आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसला ही झाडं पाण्याला भिणारी वाटली, म्हणून त्याने त्यांना या गृहस्थाचं नाव दिलं. प्रत्यक्षात त्यांच्या पानांवर बारीक खवले असतात आणि दव पडलं, धुकं आलं की ते पाणी टिपून घेतात. ती पाण्याला भीत नाहीत, उलट त्यासाठी टपून बसलेली असतात. ‘पाणी घालायला नको’ या भरवशावर विकत घेतलेली आणि टीव्हीच्या बाजूला वाळून गेलेली टिलँडसिया मी बऱ्याच घरांत पाहिली आहे.

ऑर्किडने हेच काम मुळांवर सोपवलं आहे. मुळाभोवती मेलेल्या, पोकळ पेशींचा एक थर असतो. कोरडा असताना तो चंदेरी पांढरा दिसतो. त्यावर पाणी पडलं की काही क्षणांत तो टीपकागदासारखा भरतो आणि मूळ हिरवं होतं, कारण आतला हिरवा भाग आता आरपार दिसू लागतो. पहिल्या पावसात एखाद्या झाडाखाली उभं राहून हा रंग पालटताना पाहता येतो. त्यासाठी दुर्बीण लागत नाही. जेवण म्हणाल तर सालीवरून ओघळणाऱ्या पावसात विरघळलेली धूळ, पाखरांची शिट, कुजलेला पाचोळा. यांतल्या अनेक जाती पानांची रंध्रं रात्री उघडतात, म्हणजे दिवसाच्या उन्हात पाणी उडून जात नाही.

बाशिंग नावाच्या नेच्याची युक्ती तर आणखी पुढची. त्याला दोन तऱ्हेची पानं. लांब हिरवी पानं पावसाळ्यातली. उन्हाळ्यात त्यांच्या नुसत्या काड्या उरतात. दुसरी आखूड, तपकिरी, कागदासारखी खुळखुळणारी पानं बुडाशी खोडाला चिकटून उभी असतात. ती मेल्यासारखी दिसतात आणि साफसफाईत पहिला बळी त्यांचाच जातो. पण वरून गळणारा पाला त्यांच्यात अडकतो, तिथेच कुजतो आणि बाशिंगाला घरपोच खत मिळतं. बोटं घालून पाहिलं तर आत काळीभोर, ओलसर माती लागते.

सह्याद्रीतल्या या मंडळींचं मला विशेष कौतुक वाटतं. महाबळेश्वरात चार महिन्यांत सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि मग जवळपास आठ महिने तो तुरळकच. पांढऱ्या फुलांचं डेंड्रोबियम हे ऑर्किड इथे पानंच टाकून देतं, फुगीर खोडात साठवलेल्या पाण्यावर तगतं आणि हिवाळा सरता सरता, अंगावर एक पान नसताना, फुलतं.

तर ‘झाड खातंय’ या आरोपाकडे वळू. याला सगळ्यात ठोस उत्तर दिलं ते नलिनी नाडकर्णी यांनी. वडील भारतीय, आई अमेरिकी ज्यू, वाढल्या अमेरिकेत. 1970 च्या दशकाच्या अखेरीस दोर लावून झाडांच्या शेंड्यांवर चढून तिथे काय चालतं ते अभ्यासायचं, असं त्यांनी ठरवलं, तेव्हा त्यांच्या प्राध्यापकांना हा टारझनछाप उद्योग वाटला होता. वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपिक द्वीपकल्पाच्या जंगलात मेपलच्या फांद्यांवर शेवाळ-नेच्यांची जाड गादी असते. तिचं वजन खुद्द मेपलच्या पानांच्या चौपट भरलं. ती गादी उचलल्यावर खाली मुळं दिसली. माग काढला तर ती मेपलचीच! झाडाने स्वतःच्या फांद्यांतून मुळं फोडून त्या गादीत घातली होती. 1981 मध्ये हे ‘सायन्स’मध्ये छापून आलं. कोण कुणाचं खातंय, हा प्रश्न तिथे चक्क उलटा झाला.

नाडकर्णींनी पुढे कोस्टा रिकात मोंतेवेर्दे इथे फांद्यांचे काही भाग मुद्दाम खरवडून कोरे केले आणि ते भरायला किती काळ लागतो ते पाहिलं. वीस वर्षांहून जास्त. फुलवाल्यांसाठी जंगलातून शेवाळ ओरबाडलं जातं म्हणून 2004 च्या सुमारास त्यांनी तुरुंगातल्या कैद्यांना शेवाळ वाढवायला लावलं. 2015 मध्ये पंधरा मीटरवरून खाली पडल्या, हाडं मोडून घेतली आणि बऱ्या होऊन पुन्हा कामाला लागल्या. अशी बाई आपल्या वृक्ष प्राधिकरणाच्या एखाद्या बैठकीला बसवावी, असं मनात येतं.

मेपलचं सगळं जसंच्या तसं आपल्या आंब्याला लावता येणार नाही, हे मान्य. आपल्याकडची गादी पातळ आणि उन्हाळा कडक. शिवाय झाडावर जन्मणारा प्रत्येक जण गरीब नसतो. ताडाच्या डोक्यावर रुजलेला वड किंवा पिंपळ खाली मुळं सोडून यजमानाचा गळा आवळतो. वाळक्या फांदीवर ओलं ओझं असेल तर ती पावसात मोडतेही. पण अशी फांदी तोडायची असते ती वाळकी म्हणून. शेजारची धडधाकट फांदी खरवडायचं त्यात कारण नाही.

हे झालं खरवडण्याचं. आख्खं झाड तोडण्याच्या हिशेबातली खरी गफलत पुढेच आहे. राज्याच्या वृक्ष कायद्यात 2021 मध्ये दुरुस्ती होऊन पन्नास वर्षं आणि त्यावरच्या झाडाला वारसा वृक्षाचा मान मिळाला, आणि तोडलेल्या झाडाचं जितकं वय तितकी रोपं लावायची असं ठरलं. कागदावर हे उदारच आहे. पण रस्त्यासाठी जुना आंबा पडला आणि बदल्यात साठ रोपं लागली, तरी त्या साठांवर एकही बाशिंग नसतं. ऑर्किडचं बी धुळीसारखं, त्यात शिदोरी अशी नाहीच. योग्य बुरशी भेटली तरच ते रुजतं. ती बुरशी आणि खडबडीत जुनी साल रोपवाटिकेतल्या पिशवीतून येत नाही. तोडीच्या परवान्यात झाडाचा घेर लिहितात, उंची लिहितात. वर कोण राहतं याचा रकाना मला कुठे दिसलेला नाही.

तो रकाना येईल तोवर हाताशी एक उपाय आहे. जंगलातलं ऑर्किड तोडून आणायचं नाही. पण तुमच्या आवारात छाटलेल्या फांदीवर ते खाली आलंच असेल, तर सालीच्या तुकड्यासकट सोडवा आणि आंबा-फणसासारख्या खडबडीत खोडाला, कडक ऊन लागणार नाही अशा बाजूला काथ्याने बांधा. मुळांवर माती थापू नका, कुजतील. नायलॉनची दोरी नको, ती रुतते. जून हाच त्याचा महिना. पावसाळाभरात नवी मुळं साल धरतात आणि काथ्या आपोआप कुजून पडतो.