आच वाढवली की माल वाढतो का?

आजचा प्रश्न तसा स्वयंपाकघरातला वाटेल. आच वाढवली की भात लवकर शिजतो. मग कारखान्यातही आच वाढवली तर माल जास्त निघायला हवा, नाही का? लवकर निघेल, हे खरं. जास्त निघेल का, हा वेगळा प्रश्न आहे. ‘लवकर’ आणि ‘जास्त’ या दोन शब्दांची आपण नेहमी गल्लत करतो. ती आज सोडवू.

शिजलेल्या भाताचे पुन्हा तांदूळ होत नाहीत. पण काही रासायनिक अभिक्रिया दोन्ही दिशांनी चालतात. नायट्रोजनचा एक रेणू आणि हायड्रोजनचे तीन, यांपासून अमोनियाचे दोन रेणू बनतात. त्याच वेळी, त्याच भांड्यात, बनलेला अमोनिया मोडून पुन्हा मूळचे वायूही तयार होत असतात. भांडं बंद असेल तर काही काळाने घडण्याचा आणि मोडण्याचा वेग सारखा होतो. यालाच समतोल म्हणतात. बाहेरून सगळं स्तब्ध दिसतं, आत दोन्ही कामं चालूच असतात.

आता तापमान इथे काय करतं? आपण सह्याद्रीचा घाट डोळ्यांपुढे आणू. देशावरून कोकणात जायचं तर घाटमाथ्यापर्यंत थोडासा चढ, मग लांबलचक उतार. कोकणातून वर यायचं तर मात्र पूर्ण घाट चढायचा. नायट्रोजन-हायड्रोजन हे देशावरचे, अमोनिया कोकणातला, असं समजा. खाली उतरताना ऊर्जा बाहेर पडते, म्हणून अमोनिया बनणं ही उष्मादायी अभिक्रिया. तापमान वाढवणं म्हणजे सगळ्यांच्याच पायांत बळ भरणं. पण त्या बळाचा फायदा जास्त कुणाला? ज्याचा चढ मोठा, त्याला. त्यामुळे दोन्ही दिशांचा वेग वाढतो, तरी मोडण्याचा वेग अधिक पटीने वाढतो, आणि समतोलात अमोनिया कमी उरतो.

किती कमी, ते बघा. दाब वातावरणाच्या 200 पट ठेवला, तर 200 अंश सेल्सिअसला समतोलात सुमारे 86 टक्के अमोनिया असतो. 400 अंशांना सुमारे 36 टक्के, 500 ला 18 च्या आसपास आणि 600 ला जेमतेम 8.

उलट उदाहरण चुन्याच्या भट्टीचं. चुनखडी भाजली की चुनकळी आणि कार्बन डायऑक्साइड मिळतो. ही अभिक्रिया उष्णता शोषून घेते, म्हणजे उष्माग्राही आहे. इथे घाट चढायचा तो माल बनण्याच्या दिशेनेच. म्हणून भट्टी 900 अंशांच्या घरात तापवावी लागते, आणि आच वाढवल्याने खरोखरच फायदा होतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ल शातेलिए यांनी 1884 मध्ये जो नियम मांडला, त्याचा तापमानापुरता अर्थ हाच: उष्णता दिली की समतोल उष्णता शोषणाऱ्या दिशेला सरकतो.

बरं, मग अमोनिया थंडच का बनवू नये? कारण नियम सांगतो कुठे पोचाल. कधी पोचाल, ते सांगत नाही. साध्या तापमानाला समतोल अमोनियाच्या बाजूचा आहे, पण तो छोटा चढसुद्धा जवळजवळ कुणाला चढवत नाही. नायट्रोजनचे दोन अणू फार घट्ट बांधलेले असतात. तत्त्वज्ञानात आम्ही शक्य आणि प्रत्यक्ष यांत भेद करतो, तो इथे शब्दशः दिसतो. आपल्या भोवतालच्या हवेत 78 टक्के नायट्रोजन आहे, आणि पीक मात्र नायट्रोजनवाचून पिवळं पडतं.

या पेचातून वाट काढली जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी 1909 मध्ये, आणि कार्ल बॉश यांनी ती कारखान्यात उतरवली. ओप्पाऊचा कारखाना 1913 मध्ये सुरू झाला. त्यांनी लोखंडाचा उत्प्रेरक वापरला. उत्प्रेरक म्हणजे घाटात खोदलेली खिंड. जाणाऱ्याला आणि येणाऱ्याला, दोघांनाही सोपी. म्हणून समतोल तोच राहतो, फक्त लवकर येतो. मात्र हा उत्प्रेरक नीट चालायला 400 ते 500 अंश तापमान लागतं. त्यात जे उत्पादन घटतं, ते भरून काढायला मोठा दाब देतात, कारण चार रेणूंचे दोन झाले की जागा कमी लागते. तरीही एका फेरीत साधारण 15 टक्केच अमोनिया मिळतो. तो थंड करून द्रवरूपात काढून घेतात आणि उरलेले वायू पुन्हा आत सोडतात. अशा फेऱ्या होत जवळजवळ सगळा वायू कामी येतो.

अलिबागजवळच्या थळच्या खत कारखान्यात अमोनिया बनतो तो याच तत्त्वावर, आणि त्याचाच पुढे युरिया होतो. याच अमोनियातून पहिल्या महायुद्धात जर्मनीची स्फोटकंही बनली. समतोलाचा नियम माल कशासाठी हवा ते विचारत नाही. ते आपणच विचारायचं.

आजही कमी तापमानाला काम करणाऱ्या उत्प्रेरकाचा शोध चालू आहे. का, ते आता तुमचं तुम्हाला सांगता येईल: खिंड आणखी खाली खोदता आली, तर आच कमी लागेल, समतोल आपल्या बाजूने येईल, आणि दाबावरचा खर्चही वाचेल. तेव्हा कुणी ‘तापवा, म्हणजे वाढेल’ म्हणालं, तर आधी एवढंच विचारा: वेग वाढेल, की माल?