अमेरिकेचा मध्यमवर्ग गेला कुठे?

१९७१ साली अमेरिकेतल्या दर शंभर माणसांपैकी ६१ जण मध्यमवर्गीय घरात राहत होते. २०२३ साली ते ५१ उरले. वॉशिंग्टनच्या प्यू रिसर्च सेंटर या संस्थेनं सरकारी पाहणीच्या आकड्यांवरून हा हिशेब मांडला आहे. अमेरिकेचा मध्यमवर्ग आक्रसतोय, असं कुणी म्हणतं तेव्हा त्यामागे बहुधा हाच हिशेब असतो. अर्ध्या शतकात शंभरातली दहा माणसं मधल्या गटातून उठून गेली.

गेली कुठे, हे पाहिलं की माणूस थबकतो. त्याच काळात खालच्या गटातली माणसं २७ वरून ३० झाली आणि वरच्या गटातली ११ वरून १९. म्हणजे गोळाबेरीज केली तर खालचा गट जेवढा वाढला, त्याच्या दुपटीहून जास्त वरचा गट वाढला. ज्या आकड्याकडे बोट दाखवून चिंता व्यक्त होते, त्याच आकड्याच्या पोटात भरभराटीची बातमीही दडलेली आहे.

मग अमेरिकेतल्या प्रत्येक निवडणुकीत मध्यमवर्ग वाचवण्याची भाषा का होते? लोक उगाच घाबरलेत का? मुळीच नाही. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं असू शकतं, हे समजून घेण्यातच या विषयाची सगळी गंमत आहे.

आधी मोजपट्टी पाहू. गरीब कोण हे अमेरिकी सरकारनं ठरवून दिलं आहे, पण मध्यमवर्गीय कोण याची सरकारी व्याख्याच नाही. प्यूनं आपली पट्टी अशी केली: देशातली सगळी घरं उत्पन्नाच्या क्रमानं रांगेत मांडायची. बरोबर मध्यावर जे घर येईल, त्याच्या उत्पन्नाच्या दोन तृतीयांशापासून दुपटीपर्यंत ज्यांची कमाई, ती घरं मधली. २०२२ च्या उत्पन्नाच्या हिशेबात तीन माणसांच्या घरासाठी ही पट्टी साधारण ५७ हजार ते १ लाख ७० हजार डॉलरपर्यंत जाते.

आणि घरात माणसं तीन नसतील तर? इथे एक सुंदर युक्ती आहे. घराचं उत्पन्न माणसांच्या संख्येनं न भागता त्या संख्येच्या वर्गमुळानं भागतात. चार माणसांच्या घराला एकट्या माणसाच्या चौपट पैसा लागत नाही, कारण छप्पर एक, शेगडी एक, फ्रिज एक. चाराचं वर्गमूळ दोन, म्हणून दुप्पट लागतो असं धरायचं. या हिशेबानं वर्षाला ४० हजार डॉलर मिळवणारा एकटा माणूस मधल्या गटात बसतो आणि ६४ हजारांत चालणारं चौकोनी कुटुंब खालच्या गटात जातं. एका वर्गमुळात अख्ख्या संसाराचं गणित बसवलं आहे, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

या पट्टीचा आणखी एक गुण ध्यानात घ्यायला हवा. उद्या सकाळी देशातल्या प्रत्येकाचं उत्पन्न दुप्पट झालं, तरी मधल्या गटातली टक्केवारी तसूभरही हलणार नाही, कारण मध्यावरचं घरही तेवढंच वर सरकेल. म्हणजे ही पट्टी श्रीमंती मोजतच नाही. ती मोजते घराघरांतलं अंतर. मधला गट आक्रसला याचा अर्थ लोक गरीब झाले असा होत नाही. ते एकमेकांपासून लांब गेले, एवढाच होतो.

श्रीमंतीच मोजायची तर जागची न हलणारी पट्टी लागते. अर्बन इन्स्टिट्यूटसाठी अर्थतज्ज्ञ स्टीफन रोझ यांनी तशी पट्टी वापरली. महागाई वजा करून डॉलरच्या सीमा कायम ठेवल्या आणि १९७९ ते २०१४ हा काळ तपासला. तीन माणसांच्या कुटुंबात एक लाख ते साडेतीन लाख डॉलर येत असतील तर ते उच्च मध्यमवर्गीय, अशी त्यांची व्याख्या. हा गट १२.९ टक्क्यांवरून २९.४ टक्क्यांवर गेला. मधला गट ३८.८ वरून ३२ वर उतरला, आणि त्याच्या खालचे गटही लहान झाले. या पट्टीनं पाहिलं तर मध्यमवर्ग आटला तो मुख्यतः वर चढून.

आता तिसरी पट्टी. देशात जेवढं उत्पन्न सगळ्या घरांत मिळून येतं, त्यातला किती वाटा मधल्या गटाकडे जातो? १९७० साली ६२ टक्के जात होता, २०२२ साली ४३ टक्के. वरच्या गटाचा वाटा मात्र २९ वरून ४८ टक्क्यांवर गेला. माणसं वर गेली म्हणून वाटाही काही प्रमाणात त्यांच्याबरोबर गेला, हे खरं. पण गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. महागाई वजा जाता मधल्या गटातल्या मध्यावरच्या घराचं उत्पन्न या काळात ६० टक्क्यांनी वाढलं, खालच्या गटातल्या घराचं ५५ टक्क्यांनी आणि वरच्या गटातल्या घराचं ७८ टक्क्यांनी. वाढले सगळेच, पण वरचे जास्त वेगानं वाढले. पन्नास वर्षांत वेगातल्या या फरकानं मोठी दरी पाडली.

चढले कोण आणि घसरले कोण, हेही पाहण्यासारखं आहे. सर्वांत ठळक प्रगती दोन गटांची झाली: ६५ वर्षांवरचे ज्येष्ठ आणि कृष्णवर्णीय. ज्येष्ठांना १९६५ साली मेडिकेअर ही आरोग्य योजना मिळाली आणि १९७५ पासून त्यांचं सरकारी निवृत्तिवेतन महागाईच्या मागोमाग आपोआप वाढू लागलं. ज्यांचं शिक्षण हायस्कूलवर थांबलं, ते मात्र मोठ्या संख्येनं खाली आले. एके काळी तेवढ्या शिक्षणावर घर, गाडी आणि दरवर्षीची सुट्टीतली सहल सहज भागत असे.

ते भागत होतं, कारण तशी व्यवस्था उभी केली होती. अमेरिकेचा मोठा मध्यमवर्ग बाजारातून आपसूक उगवलेला नाही. १९१४ साली हेन्री फोर्ड यांनी कामगारांना दिवसाला पाच डॉलर देण्याची घोषणा केली, तेव्हा मजुरी दुपटीच्या घरात गेली. १९४४ च्या जीआय बिलानं युद्धावरून परतलेल्या सैनिकांना कॉलेजची फी आणि घरकर्जाची हमी दिली. १९४७ पासून न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर बटाट्याच्या शेतांत लेव्हिटटाउन ही वसाहत उभी राहिली. तिथे कारखान्यात जशा गाड्या बनतात तशी घरं बनली, फक्त उलट्या रीतीनं. घर जागेवर राही आणि कामगारांच्या टोळ्या आपापलं ठरलेलं काम करत एका घरावरून पुढच्या घरावर जात. सगळं बांधकाम २७ टप्प्यांत वाटलेलं होतं. ऐन भरात दिवसाला तीसेक घरं तयार होत. दोन बेडरूमचं घर १९४९ साली ७,९९० डॉलरना मिळे आणि माजी सैनिकाला आधी एक पैसाही भरावा लागत नसे. या स्वप्नाला कुंपणही होतं. गोऱ्यांखेरीज कुणालाही तिथे राहू द्यायचं नाही, अशी अट सुरुवातीच्या करारांत स्पष्ट लिहिली होती.

पुढच्याच वर्षी, १९५० च्या मे महिन्यात, जनरल मोटर्स आणि वाहन कामगारांची संघटना यांच्यात पाच वर्षांचा करार झाला. कामगारांचे नेते होते वॉल्टर रूथर. महागाईबरोबर पगार वाढेल, उत्पादकता वाढते म्हणून वर्षाला आणखी थोडा वाढेल, निवृत्तिवेतन मिळेल, आरोग्यविम्याचा निम्मा भार कंपनी उचलेल, असं त्यात ठरलं. हा करार 'डेट्रॉइटचा तह' म्हणून ओळखला जातो. त्या दशकात नोकरदारांपैकी साधारण तिघांतला एक कामगार संघटनेत होता, त्यामुळे बाकीच्या कंपन्यांनाही अशा अटींचा विचार करावा लागे.

ही वीण नंतर हळूहळू उसवली. २०२४ साली संघटनेत असलेले नोकरदार ९.९ टक्के उरले होते. कारखान्यांतल्या नोकऱ्या १९७९ साली सुमारे १ कोटी ९५ लाख होत्या, त्या २०१० साली १ कोटी १५ लाखांच्या आसपास आल्या. काही यंत्रांनी घेतल्या, आणि २००१ साली चीन जागतिक व्यापार संघटनेत आल्यानंतर काही आयात मालानं. एमआयटीचे अर्थतज्ज्ञ डेव्हिड ऑटर यांनी दाखवलेली गोष्ट तर विलक्षण आहे. संगणकानं सर्वांत साधी कामं आधी खाल्ली नाहीत. त्यानं खाल्ली ती ठरलेल्या नियमांनी चालणारी, मधल्या पगाराची कामं: कारकुनी, हिशेबनीशी, यंत्रावरची जुळणी. रुग्णाची शुश्रूषा करणारा हात त्याला जमला नाही आणि सर्जनची जागाही त्याला घेता आली नाही. शिडीच्या मधल्याच पायऱ्या निखळल्या.

पण मधल्या घराचं उत्पन्न ६० टक्क्यांनी वाढलं असेल, तर हात आखडता का वाटतो? एक कारण असं की त्या वाढीतला मोठा भाग दुसऱ्या कमावत्या माणसानं आणला. १९७० साली ४३ टक्के स्त्रिया नोकरी-व्यवसायात होत्या किंवा काम शोधत होत्या, १९९९ साली ६० टक्के. पगार दोन झाले, तसा पाळणाघराचा खर्चही दारात आला.

दुसरं कारण किमतींचं. टीव्ही, कपडे, खेळणी कमालीची स्वस्त झाली. महाग झाल्या त्या नेमक्या मध्यमवर्गीय म्हणवून घ्यायला लागणाऱ्या गोष्टी. १९७१ साली नव्या घराची मध्यावरची किंमत सुमारे २५ हजार डॉलर होती आणि मध्यावरच्या कुटुंबाचं उत्पन्न ९ हजार, म्हणजे घराला तीन वर्षांच्या कमाईहून कमी लागे. २०२३ साली किंमत सव्वाचार लाखांवर गेली आणि उत्पन्न ८०,६१० डॉलरवर. म्हणजे पाच वर्षांची कमाईही पुरेनाशी झाली. नवी घरं तेव्हापेक्षा बरीच मोठी असतात हे खरं, पण लहान नवं घर मिळेनासं झालंय, हेही तितकंच खरं. नोकरीतून मिळणाऱ्या कौटुंबिक आरोग्यविम्याचा वर्षाचा हप्ता १९९९ साली ५,७९१ डॉलर होता, २०२४ साली २५,५७२ डॉलर. एवढ्या काळात सर्वसाधारण किमती दुप्पटही झाल्या नाहीत, हा हप्ता चौपटीहून वर गेला. त्यातला मोठा वाटा मालक भरतो, पण अर्थशास्त्रज्ञ सांगतात की तो शेवटी कामगाराच्या पगारवाढीतूनच वळता होतो.

अमेरिकेतली आपली माणसं या चित्रात कुठे आहेत? १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर तिथे गेलेली मराठी कुटुंबं प्रामुख्यानं डॉक्टर, इंजिनिअर आणि पुढे संगणक क्षेत्रातल्या लोकांची. भारतीय कुटुंबांचं मध्यावरचं उत्पन्न २०२३ साली दीड लाख डॉलरच्या आसपास होतं, म्हणजे मधल्या पट्टीच्या वरच्या कडेजवळ. वरच्या गटात भर पडली, त्यात आपल्या ओळखीची बरीच घरं आहेत.

आणि आता तो अभ्यास, ज्यानं मला या विषयाकडे पाहण्याची नजर दिली. नवी दिल्लीत जन्मलेले, हार्वर्डमध्ये शिकवणारे अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांचे सहकारी यांनी २०१७ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक साधा प्रश्न मांडला: मुलं तिशीत आल्यावर, आईवडील त्याच वयात जेवढं कमावत होते त्याहून जास्त कमावतात का? महागाई वजा करून उत्तर मिळालं. १९४० साली जन्मलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के कमावत होते. १९८० च्या दशकात जन्मलेल्यांपैकी जेमतेम ५० टक्के. लेकरू आपल्यापुढे जाईल ही गोष्ट जवळपास ठरलेली होती, ती नाणेफेकीवर आली. मध्यमवर्गातून सर्वांत जास्त आटली ती ही खात्री. लोकांची भीती खरी आहे ती यामुळेच.

चेट्टी इथे थांबले नाहीत. त्यांनी दोन काल्पनिक हिशेब करून पाहिले. पहिल्यात आताची वाटणी तशीच ठेवली आणि अर्थव्यवस्थेला जुना, जोमदार वेग दिला. ५० टक्क्यांचे ६२ झाले. दुसऱ्यात वेग आताचाच ठेवला, फक्त वाढीची वाटणी १९४० साली जन्मलेल्यांच्या काळासारखी केली. ५० टक्क्यांचे ८० झाले! देश किती वेगानं वाढतो यापेक्षा त्या वाढीतलं कुणाच्या घरात किती पोचतं, याचा प्रभाव कितीतरी मोठा निघाला. फोर्ड यांची पाच डॉलरची मजुरी, जीआय बिल, डेट्रॉइटचा तह हे सगळे वाटणीचेच निर्णय होते आणि ते माणसांनीच घेतले होते. मध्यमवर्ग किती मोठा असावा, हे अमेरिकेनं एकदा ठरवून दाखवलं आहे. आणि या खेपेला दाराबाहेर कुणाला उभं करायचं नाही, हेही तिला ठरवता येईल.